साहसकथेत दोर कुठे आहे, ते पाहावे

वाचकाचे पत्र

माझी मुलगी बारा वर्षांची असून सातवीत शिकते. आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो. तिला वाचनाची गोडी आहे, पण ती केवळ साहसकथांची. तीन मुले एका ओसाड किल्ल्यावर खजिना शोधायला जातात, अशा गोष्टीचे एक पुस्तक मागच्या महिन्यात तिने मैत्रिणीकडून आणले आणि दोन दिवसांत संपवले. पुढच्याच रविवारी क्लासला जाते असे सांगून ती दोन मैत्रिणींबरोबर सायकलने पांडवलेणीला गेली. लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत. परंतु या तिघी लेण्यांच्या वरच्या अंगाला डोंगरावर चढल्या आणि उतरताना माझी मुलगी घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, अडकली. फिरायला आलेल्या दोन गृहस्थांनी त्यांना हाताला धरून खाली आणले. गुडघे आणि तळहात सोलवटले, यापलीकडे काही झाले नाही. तिच्या बाबांनी ते पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावले आणि यापुढे घरात साहसकथा येणार नाहीत, असे सांगितले. मी त्याऐवजी थोर व्यक्तींच्या चरित्रांचा एक संच आणून दिला. त्यातली दोन पुस्तके चाळून तिने ती परत केली आणि म्हणाली, ‘आई, यात सगळे लहानपणापासूनच शूर असतात.’ यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. साहसकथा खरोखरच बंद कराव्यात का? आणि नाही केल्या, तर कोणत्या द्याव्यात?

— एक आई, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना प्रथम तुमच्या मुलीच्या सोलवटलेल्या तळहातांचा विचार मनात आला आणि त्यानंतर तिच्या वडिलांचा. आपले मूल डोंगराच्या उतारावर अडकले होते हे ज्या बापाला उशिरा कळते, त्याचा हात कुलपाकडे जाणे अगदी स्वाभाविक आहे. त्यामुळे त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. मात्र पुस्तक कुलपात ठेवल्याने डोंगर कुलपात जात नाही. तो तुमच्या गच्चीवरून रोज दिसतच राहणार, आणि पुढच्या वेळी तिथे जाताना तुमच्या मुलीकडे असेल ती तिने आतापर्यंत वाचलेली एवढीच समजूत. म्हणून माझे उत्तर असे आहे, की साहसकथा बंद करू नयेत, त्या अधिक पुरवाव्यात. पण ज्या कथेत साहसाची पूर्ण हकिकत आहे, अशाच पुरवाव्यात.

पूर्ण हकिकत म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. तुम्ही ज्या पुस्तकाचा उल्लेख केला आहे, ते मी पाहिलेले नाही. पण त्या प्रकारची कितीतरी पुस्तके मी शाळेच्या ग्रंथालयात अनेक वर्षे हाताळली आहेत. त्यांत मुले सकाळी निघतात, दुपारी भुयार सापडते, संध्याकाळी चोर पकडले जातात. निघण्यापूर्वी कोणी घरी सांगत नाही, कारण सांगितले तर गोष्टच घडणार नाही असे लेखकाला वाटते. पाणी किती घेतले, दोर कोणाकडे होता, वाट कोणी विचारली, कोणाच्या पायात गोळे आले, यांतले काहीही त्यात नसते. सर्वांत मोठी उणीव म्हणजे उतरण्याचे वर्णन नसते. सह्याद्रीत फिरणारा कोणीही माणूस सांगेल, की चढताना डोळ्यांसमोर खडक असतो आणि उतरताना दरी असते. चढणीला हात साथ देतात, उतरणीला ते उपयोगी पडतातच असे नाही, आणि घसाऱ्यावर तर पायाखालची जमीनच चालू लागते. तुमची मुलगी चढताना अडकली नाही, उतरताना अडकली. तिने वाचलेली गोष्ट बहुधा माथ्यावर संपली होती. उतरायचे कसे, हे तिला त्या पुस्तकाने सांगितलेच नव्हते. दोष साहसाचा नसून अर्धवट सांगितलेल्या साहसाचा आहे, असे मी म्हणते ते एवढ्याचसाठी.

आता चरित्रांच्या संचाकडे वळते, कारण तुमच्या मुलीचे वाक्य मला फार मोलाचे वाटले. यात सगळे लहानपणापासूनच शूर असतात, ही तिची तक्रार अचूक आहे, आणि ती याच उणिवेची दुसरी बाजू आहे. खजिन्याच्या गोष्टीत दोर नसतो, तशी आपल्या पुष्कळशा बालचरित्रांत भीती नसते. नायक पाळण्यातच तेजस्वी, शाळेत पहिला आणि संकटात अविचल असतो. ज्या मुलीने स्वतः घसाऱ्यावर थरथरत अर्धा तास काढला आहे, तिला असा माणूस आपला वाटेल तरी कसा? तिला प्रेरणा मिळायची असेल, तर तिच्यासारखा घाबरलेला कोणीतरी तिला त्या पानांत भेटला पाहिजे.

असा माणूस शोधायला फार दूर जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. तिथले दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम करीत असत. पाण्यासाठी जमीन खोदणाऱ्या या अवर्षणाच्या मुलखातल्या तरुणाने २०१२ साली सैन्यात भरती झाल्यावर प्रथम नौकानयनाचे वल्हे हातात घेतले, आणि सुरुवातीला त्यांना पाण्याची भीती वाटत असे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकेच्या शर्यतीत ते तेरावे आले. त्या दिवसांत त्यांची आई अपघातानंतर बेशुद्धावस्थेत होती. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत प्रकृती बिघडलेली असताना एकेरीत ते शेवटी राहिले, आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेत बसून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. ही गोष्ट सांगताना पदकावर घाई करू नका. पाण्याची भीती वाटणारा माणूस पहिल्या दिवशी नौकेत कसा बसला असेल, पाय कुठे ठेवला असेल, वल्हे हातून सुटले असेल का, याविषयी तुमच्या मुलीला विचारा. ती सांगू शकेल. घसाऱ्यावर पाय कुठे ठेवावा हा प्रश्न तिला नुकताच पडून गेला आहे.

सावरपाडा या आदिवासी पाड्यावर वाढलेल्या कविता राऊत यांचे नाव तिने नक्की ऐकले असेल. त्या अनवाणी धावत मोठ्या झाल्या आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराच्या शर्यतीत रौप्यपदक. आणि तुमची मुलगी सायकल चालवते म्हणून आणखी एक उदाहरण देते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. या शर्यतीत सायकलस्वारामागे रात्रंदिवस मदतनीसांची गाडी असते. अन्नपाणी देणारे, वाट दाखवणारे, झोप कधी घ्यायची ते ठरवणारे लोक तिच्यात बसलेले असतात. ती गाडी हाच या गोष्टीतला दोर आहे. आपल्याकडे पराक्रम एकट्याचा असला तरच तो खरा, अशी एक समजूत मुलांच्या मनात पुस्तकांमुळेच घट्ट होते, आणि ती मोडण्यासाठी असा एखादा खरा दाखला फार उपयोगी पडतो.

परंतु मला सर्वांत सविस्तर सांगायची आहे ती एक जुनी आणि दूरची हकिकत, कारण बारा-तेरा वर्षांच्या मुलांना सांगण्यासाठी तिच्याइतकी समृद्ध साहसकथा मला दुसरी सापडलेली नाही. ती तुम्ही पुस्तकाची वाट न पाहता स्वतःच सांगावी.

अर्नेस्ट शॅकलटन हे ब्रिटिश संशोधक १९१४ साली ‘एन्ड्युरन्स’ नावाच्या जहाजातून अंटार्क्टिका खंड पायी ओलांडण्याच्या हेतूने निघाले. जहाज ब्यूनस आयर्सच्या बंदरात असताना पर्स ब्लॅकबोरो नावाचा अठरा वर्षांचा मुलगा, ज्याला वय आणि अनुभव कमी म्हणून नोकरी नाकारली होती, तो कपाटात लपून जहाजावर राहिला. जहाज समुद्रात पुष्कळ आत गेल्यावर तो सापडला. शॅकलटन त्याच्यावर भयंकर संतापले आणि मग त्यांनी त्याला कामावर ठेवून घेतले. गोष्टीचा हा भाग ऐकताना तुमच्या मुलीचे डोळे चमकतील. चमकू द्यावेत. पुढे काय झाले ते तिला ऐकायचेच आहे.

जानेवारी १९१५ मध्ये जहाज वेडेल समुद्राच्या बर्फात रुतले. दहा महिने बर्फाने ते आवळत नेले आणि नोव्हेंबरात ते बुडाले. आता अठ्ठावीस माणसे तरंगत्या बर्फावर होती. खंड ओलांडण्याचा बेत त्याच क्षणी संपला होता, आणि शॅकलटन यांनी दुसरा बेत हाती घेतला तो सर्वांना जिवंत घरी नेण्याचा. प्रत्येकाने सामान कमीत कमी ठेवावे, सोन्याची नाणीसुद्धा टाकून द्यावीत असे ठरले. मात्र एका सहकाऱ्याचे बॅन्जो हे वाद्य त्यांनी मुद्दाम बरोबर घेतले, कारण महिनोन् महिने चालणाऱ्या कंटाळ्यात माणसांची मने टिकवण्यासाठी ते त्यांना औषधासारखे वाटले. जी माणसे कुरकुर करीत, त्यांना त्यांनी स्वतःच्या तंबूत जागा दिली, म्हणजे ती कुरकुर इतरांमध्ये पसरणार नाही. एप्रिल १९१६ मध्ये बर्फ फुटल्यावर तीन होड्यांतून ते सर्वजण एलिफंट नावाच्या निर्जन बेटावर पोहोचले. तिथून शॅकलटन आणि पाच सहकारी जेमतेम सात मीटर लांबीच्या होडीतून, जगातील सर्वांत खवळलेल्या समुद्रांपैकी एक ओलांडत, तेराशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरच्या दक्षिण जॉर्जिया बेटाला लागले.

तेही बेटाच्या चुकीच्या बाजूला. माणसांची वस्ती पलीकडच्या किनाऱ्यावर होती आणि मध्ये नकाशा नसलेले बर्फाचे डोंगर होते. शॅकलटन, वर्स्ली आणि क्रीन हे तिघे निघाले. त्यांच्याजवळ सुमारे पंधरा मीटर दोर आणि सुताराचा लाकूड तासण्याचा वासला होता, आणि बर्फावर पाय घसरू नये म्हणून होडीतून काढलेले स्क्रू त्यांनी बुटांच्या तळव्यांत बसवून घेतले होते. इथे थांबा आणि मुलीला विचारा, की पांडवलेणीला जाताना तिच्या पायात कोणते बूट होते. हा प्रश्न रागावून विचारू नये. वर्स्लीच्या बुटांविषयी जितक्या कुतूहलाने विचाराल, तितक्याच कुतूहलाने तो विचारावा.

त्या प्रवासात एक क्षण असा येतो, की तिघे एका उंच कड्यावर उभे आहेत, मागून धुके येत आहे, अंधार पडत आहे, उतार इतका खोल की त्याचा तळ दिसत नाही, आणि त्या उंचीवर रात्र काढली तर गारठून मृत्यू ठरलेला आहे. ते दोराची वेटोळी करून तिच्यावर एकामागे एक बसतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि खाली घसरत जातात. वाचले. आता तुमच्या मुलीसमोर प्रश्न ठेवा: हे शहाणपण होते की वेडेपणा? ती लगेच म्हणेल, की शहाणपण, कारण ते वाचले. मग विचारा, की ते वाचले नसते तर? त्यांच्यासमोर दुसरा कोणता मार्ग होता? आणि तुझ्यासमोर त्या रविवारी कोणता होता? हा संवाद एका बैठकीत पूर्ण होणार नाही आणि तो पूर्ण करण्याची घाईही करू नये. छत्तीस तासांनंतर ते तिघे वस्तीवर पोहोचले. परंतु एलिफंट बेटावर राहिलेल्या बावीस जणांना आणण्याचे तीन प्रयत्न बर्फामुळे फसले, आणि चौथ्या खेपेला, ३० ऑगस्ट १९१६ रोजी, चिलीच्या ‘येल्चो’ या लहान जहाजातून ते सर्वजण सुखरूप निघाले.

आणि तो कपाटात लपलेला मुलगा? ब्लॅकबोरोच्या डाव्या पायाची बोटे हिमदंशाने काळी पडली होती. एलिफंट बेटावर उलट्या घातलेल्या होड्यांच्या झोपडीत डॉक्टरांनी ती कापली. तो वाचला आणि घरी गेला. हे सांगायला कचरू नये. पुस्तकांतले लपून जाणे नेहमी आनंदातच संपते, अशी जी समजूत असते, ती एखाद्या उपदेशाने जात नाही. ती जाते बर्फातल्या त्या झोपडीच्या वर्णनाने.

याच शॅकलटन यांनी ९ जानेवारी १९०९ रोजी, आधीच्या एका मोहिमेत, दक्षिण ध्रुव अवघा १८० किलोमीटर उरलेला असताना पाठ फिरवली होती. तोवर ध्रुवाच्या इतक्या जवळ कोणीही गेलेले नव्हते. पुढे गेलो तर पोहोचू, पण परतीचे अन्न पुरणार नाही, एवढाच हिशेब होता. यावरून मुलांसाठी साहसाचे पुस्तक निवडताना मी वर्षानुवर्षे वापरलेली एक कसोटी तुम्हाला सांगते. पुस्तक हातात घेतल्यावर त्यात माघारीचे प्रकरण आहे का, ते पाहावे. नायक कुठेतरी थांबतो का, परत फिरतो का, आज नाही असे म्हणतो का? म्हणत असेल, तर ते पुस्तक निश्चिंत मनाने द्यावे. माघार हा शब्द मराठी मुलांना कमीपणाचा वाटू नये, यासाठी आपल्याच इतिहासाचा आधार पुरेसा आहे. शिवाजी महाराजांनी १६६५ साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले देऊ केले, आणि सातच वर्षांनी, १६७२ मध्ये, आपल्या बागलाणातल्या साल्हेरच्या पायथ्याशी त्यांच्या फौजेने मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला. मुलांच्या पुस्तकांत साल्हेरला मोठे चित्र मिळते, पुरंदरच्या तहाला दोन ओळी. तुम्ही सांगताना ते तेवीस किल्ले नीट सांगा.

आजच्या काळातला दाखला हवा असेल, तर नौदलातील माजी अधिकारी अभिलाष टॉमी यांचा द्यावा. २०१३ साली त्यांनी शिडाच्या नौकेतून एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. २०१८ मध्ये अशाच एका जागतिक शर्यतीत हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने त्यांची नौका उलटली, पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली आणि मदत येईपर्यंत त्यांना नौकेतच पडून राहावे लागले. एका फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने ती पूर्ण केली. या गोष्टीत मुलीच्या लक्षात आणून देण्यासारखी बाब म्हणजे ते कुठे आहेत हे शर्यतीच्या आयोजकांना ठाऊक होते. एकटा गेलेला खलाशीसुद्धा आपला ठावठिकाणा सांगून जातो.

पुस्तकांची नावे तुम्ही विचारली आहेत, म्हणून दोनच सांगते. भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे तिने वाचला नसेल, तर तो आधी द्यावा. फुरसुंगीचा हा किडकिडीत, सायकलवर भटकणारा मुलगा बळाच्या जोरावर जिंकत नाही, तो निरीक्षणाच्या जोरावर जिंकतो, आणि हा फरक बारा वर्षांच्या वाचकाला बरोबर जाणवतो. दुसरे नाव ऐकून तुम्हाला कदाचित नवल वाटेल. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये आपल्या नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. तिला कोणी साहसकथा म्हणत नाही. तथापि पोहायला जाण्याच्या भीतीने लपून बसलेला श्याम आणि त्याला बाहेर काढून विहिरीवर पाठवणारी त्याची आई, हे प्रकरण तुम्ही आणि तुमच्या मुलीने शेजारी बसून वाचावे, असे मी आवर्जून सुचवते. त्या आईने दिलेला मार अनुकरणीय नाही, हे मुलीला स्पष्ट सांगावे. पण मुलगा भित्रा राहू नये ही तिची तळमळ आणि विहिरीत भोवती पोहता येणारी माणसे असणे, या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र आहेत. भीती घालवायची ती पोहणाऱ्यांच्या सोबतीने, हे त्या प्रकरणात न सांगताच सांगितलेले आहे.

याखेरीज बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. १८४० साली सुरू झालेले आपले सार्वजनिक वाचनालय तर शहरातच आहे. तिथे तिला घेऊन जावे आणि पुस्तक तिलाच निवडू द्यावे. या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक मी अजून विसरलेले नाही. मी शाळेत ग्रंथपाल असताना सहावीतल्या एका मुलाने समुद्रसफरीचे एक जाड पुस्तक मागितले होते. ते मोठ्यांसाठी आहे, तुला झेपणार नाही, असे सांगून मी ते परत कपाटात ठेवले. त्यानंतर त्या वर्षात तो मुलगा ग्रंथालयात आला नाही. पुस्तक झेपले नसते तर त्याने ते चार दिवसांनी आपण होऊन आणून दिले असते, एवढे साधे माझ्या ध्यानात आले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

त्या चरित्रांच्या संचाचाही उपयोग करता येईल. त्यात दादासाहेब फाळके यांचे चरित्र असेल, तर ते बाजूला काढावे. पुस्तकात बहुधा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आणि भारतीय चित्रपटाचे जनक ही उपाधी एवढेच ठळक असेल. त्याच्या मागचे तुम्ही भरून काढावे: चित्रपटांचा अभ्यास करताना काही काळ गेलेली त्यांची दृष्टी, विमा गहाण ठेवून उभा केलेला पैसा, कच्च्या फिल्मला रात्री छिद्रे पाडणाऱ्या आणि दागिने देणाऱ्या सरस्वतीबाई, स्त्रीभूमिकेसाठी कोणी स्त्री मिळेना म्हणून तारामती झालेले साळुंके, आणि १९४४ साली याच नाशिकमध्ये हलाखीत झालेला त्यांचा मृत्यू. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाचे स्मारक त्याच डोंगराच्या पायथ्याशी आहे, जिथे तुमची मुलगी सायकल लावून वर गेली.

त्या डोंगराविषयी आणखी थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या तिघी लेण्यांना वळसा घालून वर गेल्या, तेव्हा तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याकडे त्यांनी पाहिलेही नसेल. तिथे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा एक प्राकृत शिलालेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने नातवाच्या कारकिर्दीत तो कोरविला. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा आपला मुलगा होता, असे ती त्यात सांगते. त्याच्या विजयांची यादी देते, आणि त्या यादीच्या भरात तो आईची सेवा कधी न चुकवणारा होता, हेही खडकावर लिहून ठेवते. मुलाची साहसकथा आईने सांगितली आहे, आणि तीही तुमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर.

म्हणून माझे सुचवणे असे आहे, की पावसाळा सरून वाटा कोरड्या झाल्या, की तुम्ही तिघांनी एका सकाळी तिथे जावे. पायऱ्यांनी लेण्यांपर्यंत जावे, तिसऱ्या लेण्यात थोडा वेळ बसावे, आणि ती जिथे अडकली ती जागा तिने खालून बोटाने दाखवावी. वर जाऊ नये. निघण्यापूर्वी कुठे जातो, कोणाबरोबर जातो आणि किती वाजेपर्यंत परत येतो, हे तिने शेजारच्या काकूंना स्वतः सांगावे, म्हणजे ही सवय मुलांवर लादलेली नसून मोठ्यांचीही आहे, हे तिला दिसेल. पुढच्या महिन्यात रामशेज करावा. १६८२ पासून मोगल फौजेला वर्षानुवर्षे दाद न देणारा हा किल्ला लहान मुलांनाही जमण्यासारखा आहे. हरिहरच्या उभ्या कातळकोरीव पायऱ्या आणि हातांसाठी कोरलेल्या खोबण्या तिला नक्की खुणावतील, पण त्यासाठी अनुभवी गिर्यारोहकांची सोबत आणि गर्दी नसलेला दिवस लागेल. तोवर थांबणे हाही त्या मोहिमेचाच भाग आहे, असे तिला सांगावे.

दरम्यान तिला त्या रविवारची हकिकत लिहायला सांगा. शिक्षा म्हणून नव्हे, आणि शेवटी क्षमायाचनाही नको. सायकल कुठे लावली, पाणी कोणाकडे होते, पहिल्यांदा भीती केव्हा वाटली, कोण परत जाऊ म्हणाले आणि त्याचे कोणी ऐकले नाही, पाय घसरला तेव्हा हाताला काय लागले, त्या गृहस्थांनी नेमका कोणता शब्द उच्चारून तिला धीर दिला, हे सर्व तिला आठवत असेल. बहुतेक लेखक जे प्रकरण गाळतात, तेच तिच्या वाट्याला आले आहे, आणि ते तिच्याइतके चांगले दुसरे कोणी लिहू शकणार नाही.

राहिला कपाटाच्या कुलपाचा प्रश्न. ते तिच्या बाबांनीच उघडावे. पुस्तक तिच्या हातात देऊन, मुले किल्ल्यावर चढतात ते प्रकरण आपल्याला मोठ्याने वाचून दाखव, असे त्यांनी तिला म्हणावे, आणि जिथे दोर हवा होता असे तिला वाटेल, तिथे तिने थांबून समासात पेन्सिलीने खूण करावी. पुस्तक मैत्रिणीचे आहे, हे तुमच्या पत्रावरून लक्षात आले. तेव्हा परत करण्यापूर्वी त्या खुणा पुसायच्या की तशाच ठेवायच्या, हे दोघी मैत्रिणींना मिळून ठरवू द्यावे.